कोण कोणाचे ऐकते : मुक्त वादन आणि यंत्राचा ठेका

आधी काहीच न ठरवता, ऐन वेळी एकमेकांचे ऐकत केलेले वादन आणि नाचणाऱ्यांसाठी यंत्रांवर रचलेले अचूक ठेक्याचे इलेक्ट्रॉनिक संगीत, या दोन गोष्टी एकत्र आणण्याचे प्रयत्न गेली काही दशके जगात वेगवेगळ्या ठिकाणी चालू आहेत. वरवर पाहता त्यात अवघड असे काही दिसत नाही. ठेका लावून द्यावा आणि त्यावर वादकाने मनाला येईल ते वाजवावे, एवढेच तर करायचे आहे, असे कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात मात्र असे केले की बहुतेक वेळा दोन्हींचे नुकसान होते. वादक नकळत ठेक्याच्या मागे फरफटत जातो आणि नाचणाऱ्यांची पावलेही अडखळतात. असे का होते, आणि ज्यांनी ते होऊ दिले नाही त्यांनी नेमके काय केले, हे समजून घ्यायचे तर या दोन्ही संगीतांची घडण आतून पाहावी लागते.

काहीही न ठरवता वाजवणे

'फ्री इम्प्रोव्हायझेशन' या नावाने ओळखले जाणारे मुक्त वादन १९६०च्या दशकाच्या मध्यावर प्रामुख्याने लंडनमध्ये आकाराला आले. १९६५ साली तेथे 'एएमएम' नावाचा गट सुरू झाला. त्यातील कीथ रो हे गिटारवादक गिटार गळ्यात न अडकवता टेबलावर आडवी ठेवून वाजवत आणि मैफल चालू असताना रेडिओ लावून त्यातून जे काही कानावर पडेल त्यालाही वादनात सामावून घेत. त्याच सुमारास ड्रमवादक जॉन स्टीव्हन्स यांचा 'स्पॉन्टेनियस म्युझिक एन्सेम्बल' हा गट लंडनच्याच 'लिटल थिएटर क्लब' या लहानशा जागेत वाजवू लागला. अमेरिकेतील काही जॅझवादकांनी त्याआधीच गाण्याचा साचा आणि स्वरमेळांची ठरलेली वाट सोडली होती; लंडनच्या या मंडळींनी जॅझची बोली, तिचा झुलता ठेकाही गृहीत धरायचे नाही, असे ठरवले.

या मंडळींपैकी विचार सर्वांत स्पष्टपणे मांडणारे वादक म्हणजे शेफील्ड येथे १९३० साली जन्मलेले गिटारवादक डेरेक बेली. १९८० साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पुस्तकात त्यांनी उत्स्फूर्त वादनाचे दोन प्रकार मानले. एका प्रकारात वादक एखाद्या परंपरेच्या बोलीत बोलतो, आणि हिंदुस्थानी संगीत, स्पेनमधील फ्लॅमेंको, चर्चमधील ऑर्गनवादन, जॅझ ही सर्व उदाहरणे त्यांनी या प्रकारात घातली. दुसऱ्या प्रकारात कोणतीही एक बोली आधार म्हणून घेतलेली नसते. ख्याल ऐकणाऱ्या मराठी रसिकाला हा फरक चटकन लक्षात येईल. ख्यालात गायक कितीही उपज, म्हणजे ऐन वेळी सुचलेला विस्तार, करत असला तरी राग, ताल आणि बंदिश यांवर गायक, तबलजी आणि श्रोते यांची सहमती मैफल सुरू होण्यापूर्वीच झालेली असते. मुक्त वादनात अशी कोणतीही सहमती नसते. पहिला आवाज कोण काढणार, तो सूर असणार की नुसता खरखराट, वादन पाच मिनिटे चालणार की पन्नास, यातले काहीही आधी ठरलेले नसते.

मग हे वादन कशावर उभे राहते? ऐकण्यावर. दुसऱ्या वादकाने काही केले की आपण त्याला साथ द्यायची, त्याच्या विरुद्ध काही उभे करायचे, किंवा गप्प राहायचे, हे निर्णय प्रत्येक जण क्षणाक्षणाला घेत असतो. गप्प राहणे हाही येथे पूर्ण मानाचा पर्याय आहे. अशा वादनात मधूनच एखादा ठेका तयार होतो, चार-दोन आवर्तने टिकतो आणि विरून जातो. तो पुढेही टिकेल अशी हमी मात्र कोणी कोणाला दिलेली नसते.

सोळा घरांची पट्टी

नृत्यसंगीताचा पाया नेमका या हमीवरच उभा आहे. शिकागोमध्ये १९७७ साली सुरू झालेल्या 'वेअरहाउस' या क्लबमध्ये फ्रँकी नकल्स डीजे म्हणून वाजवत असत, आणि तेथे रुजलेल्या संगीताला पुढे 'हाउस' हे नाव मिळाले. १९८०च्या दशकात डेट्रॉइटमध्ये हुआन ॲटकिन्स, डेरिक मे आणि केव्हिन सॉन्डरसन यांनी 'टेक्नो' घडवले. या दोन्हींच्या मुळाशी रोलँड या जपानी कंपनीची यंत्रे होती: १९८०चे टीआर-८०८ आणि १९८३चे टीआर-९०९ ही ड्रम मशीन, आणि बेसचे, म्हणजे खर्जातले सूर काढणारे टीबी-३०३. ही यंत्रे बाजारात फारशी चालली नाहीत, म्हणून ती जुन्या मालाच्या दुकानांत स्वस्तात मिळू लागली आणि ज्यांना महागडा स्टुडिओ परवडत नव्हता अशा तरुणांच्या हाती पडली.

या ड्रम मशीनचे कामकाज समजायला अगदी सोपे आहे. यंत्रावर सोळा बटणांची एक पट्टी असते. चार मात्रांचे एक आवर्तन, प्रत्येक मात्रेचे चार भाग, अशी ती सोळा घरे होतात. ज्या घराचे बटण दाबाल त्या घरावर निवडलेला आवाज वाजतो, आणि पट्टी संपली की यंत्र पुन्हा पहिल्या घरापासून सुरुवात करते. हाउस संगीतात पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमचा ठोका पहिल्या, पाचव्या, नवव्या आणि तेराव्या घरावर, म्हणजे चारही मात्रांवर असतो. टाळीचा आवाज दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर येतो. झांजेचा उघडा आवाज दोन मात्रांच्या बरोबर मध्ये पडतो. मिनिटाला १२५ मात्रांची गती धरली तर दोन ठोक्यांत ०.४८ सेकंदांचे आणि दोन घरांत ०.१२ सेकंदांचे अंतर राहते. बदल बहुधा आठ किंवा सोळा आवर्तनांनी होतात. या गतीला सोळा आवर्तने म्हणजे साधारण ३१ सेकंद. कोणी मोजत नसले तरी नाचणाऱ्याच्या अंगाला हा हिशेब ठाऊक असतो आणि बदल येण्याच्या क्षणी त्याचे खांदे आधीच वळलेले असतात.

येथे एक गैरसमज दूर करायला हवा. नृत्यसंगीत सगळे आधीच ठरलेले असते आणि त्यात उत्स्फूर्ततेला जागाच नसते, असे मुक्त वादनाचे चाहते अनेकदा समजतात. चांगला डीजे रात्रभर समोरच्या गर्दीकडे पाहत पुढची तबकडी निवडत असतो, दोन तबकड्या एकमेकींवर किती वेळ चढवायच्या, बेस केव्हा काढून घ्यायचा, हे तो त्या क्षणी ठरवत असतो. ही उपजच आहे. फरक इतकाच, की तिचे एकक मोठे असते. मुक्त वादकाचा निर्णय अर्ध्या सेकंदात घेतला जातो आणि तितक्याच वेळात जुना होतो. डीजेचा निर्णय पाच मिनिटे टिकतो आणि त्याचा परिणाम तासाभराने दिसतो.

लेहरा आणि लूप

आता मूळ अडचणीकडे येऊ. स्थिर आवर्तन एकाने धरायचे आणि दुसऱ्याने त्यावर मोकळेपणाने वाजवायचे, ही मांडणी आपल्याला नवी नाही. तबल्याच्या एकल वादनात हार्मोनियम किंवा सारंगीवर लेहरा, म्हणजे तालाच्या आवर्तनाएवढी एकच धून, पुन्हा पुन्हा चालू असतो, आणि तबलावादक पेशकार, कायदा, रेला, तुकडे अशा तबल्याच्या रचना मांडत दर वेळी समेवर, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर येतो. मग लेहऱ्याच्या जागी यंत्राचा लूप, म्हणजे यंत्र पुन्हा पुन्हा वाजवते तो एकच तुकडा, ठेवला तर बिघडले कोठे?

दोन ठिकाणी बिघडते. लेहरा धरणारा माणूस असतो. तबलजीने लय किंचित पुढे नेली की तोही पुढे सरकतो, तिहाई, म्हणजे तीनदा वाजवून समेवर येणारा तुकडा, संपत आली की समेवर थोडा जोर देतो; त्याची स्थिरता ऐकून आलेली असते. यंत्राला कान नसतात. मोबाइलवरच्या लेहऱ्याबरोबर रियाज करणाऱ्या प्रत्येकाने हे अनुभवलेले असते, की तो लेहरा चुकत नाही आणि थांबतही नाही, म्हणून हिशेब पक्का होतो, पण मैफलीची तयारी त्यावर पूर्ण होत नाही. दुसरी गोष्ट अशी की तबलावादकाला सम मान्य असते. तो तिच्यापासून कितीही दूर गेला तरी परत येण्यासाठीच गेलेला असतो. मुक्त वादकाला सम मान्यच नसते. म्हणजे ज्या दोन खांबांवर लेहरा आणि तबला यांची जोडी उभी आहे, ते दोन्ही खांब लूप आणि मुक्त वादन यांच्या जोडीत नसतात.

माणसे एकत्र वाजवतात तेव्हा नेमके काय होते, यावर होल्गर हेनिग या भौतिकशास्त्रज्ञाने केलेले संशोधन २०१४ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. दोन माणसांना एकत्र ठेका धरायला लावून त्याने प्रत्येक ठोक्याची वेळ नोंदवली. ठोके घड्याळापासून सेकंदाच्या अगदी लहान अंशाने पुढे-मागे होतात, हे अपेक्षितच होते. महत्त्वाचा निष्कर्ष असा, की एकाचा आत्ताचा ठोका दुसऱ्याच्या केवळ मागच्या ठोक्यावर अवलंबून नसतो. आधीच्या बऱ्याच मोठ्या काळातील दोघांच्या सगळ्या पुढे-मागे होण्याचा धागा त्यात ओवलेला असतो. एकत्र वाजवणे म्हणजे दोघांनी मिळून एक सामाईक आठवण तयार करणे होय. यंत्राबरोबर वाजवताना ती आठवण एकाच बाजूला साठत राहते.

म्हणून असे कोणतेही मिश्रण ऐकताना मी एकच गोष्ट शोधतो: येथे कोण कोणाचे ऐकते आहे? वाद्ये कोणती, संगणक कोणता, आवाज किती विचित्र, यापेक्षा या प्रश्नाच्या उत्तरावर त्या संगीताचा कस जास्त लागतो.

बेली आणि जंगल

याचे सर्वांत धारदार उदाहरण बेलींचेच आहे. नव्वदच्या दशकात ते लंडनच्या हॅकनी भागात राहत असत. त्या काळात लंडनमध्ये अनेक बेकायदा रेडिओ केंद्रे उंच इमारतींच्या गच्च्यांवरून प्रक्षेपण करत आणि त्यांवर 'जंगल' नावाचे नवे, अतिजलद नृत्यसंगीत रात्रंदिवस वाजत असे. बेली घरी रियाज करताना हा रेडिओ लावून त्याच्याबरोबर गिटार वाजवू लागले. त्यातून १९९६ साली, वयाच्या छासष्टाव्या वर्षी, त्यांनी बर्मिंगहॅमच्या डीजे निंज या तरुणाने तयार केलेल्या ठेक्यांवर गिटार वाजवून एक अल्बम केला, आणि तो जॉन झॉर्न यांच्या 'अवाँ' या लेबलने, म्हणजे ध्वनिमुद्रिका काढणाऱ्या कंपनीने, प्रकाशित केला.

जंगलची गती मिनिटाला साधारण १६० ते १७० मात्रा असते, पण खरी गंमत गतीत नाही. त्याचा ठेका कोऱ्या यंत्रावर बटणे दाबून केलेला नसतो. १९६९ साली 'द विन्स्टन्स' या अमेरिकन गटाच्या ध्वनिमुद्रणात ग्रेगरी कोलमन यांनी चार आवर्तने ड्रमचा एक तुकडा एकट्याने वाजवला होता. जेमतेम सहा-सात सेकंदांचा तो तुकडा सॅम्पलरमध्ये, म्हणजे ध्वनिमुद्रित आवाज साठवून हवा तसा वाजवणाऱ्या यंत्रात घेऊन, त्याचे एकेक ठोक्याचे काप करून, त्यांची जागा बदलून, वेग वाढवून जंगलचे असंख्य ठेके रचले गेले. म्हणजे जंगल ऐकताना आपण एका माणसाच्या हाताचे कापून पुन्हा जोडलेले तुकडे ऐकत असतो. त्याचा मूळचा किंचित पुढे-मागे होणारा हात त्यात शिल्लक असतो. शिवाय वर ड्रम प्रचंड वेगाने धावत असताना खाली बेस बहुधा निम्म्या लयीत चालतो. ठाय आणि दुगुन एकाच वेळी चालू असावी तसा हा प्रकार आहे.

बेली या ठेक्यावर वाजवताना त्यात बसण्याचा प्रयत्न करत नाहीत. ते मध्येच थांबतात, तुटक सूर फेकतात, तारेच्या टोकाशी निघणारे काचेसारखे स्वर लावतात आणि ठेका जिकडे जातो तिकडे लक्षही न देता निघून जातात. तरीही दोन्ही वेगळे पडत नाहीत. माझ्या मते याचे एक कारण साध्या गणितात आहे. मिनिटाला १६५ मात्रांच्या गतीला मात्रेचा चौथा भाग सुमारे ०.०९ सेकंदांचा होतो. इतक्या दाट विणीत गिटारचा कोणताही सूर कोठेही पडला तरी एखाद्या ठोक्यापासून तो ०.०४५ सेकंदांपेक्षा दूर असू शकत नाही, आणि कान त्या सुराला आपोआप ठेक्याशी जोडून घेतो. ठेका जितका दाट, तितके वादकाला सम सोडून वागायला स्वातंत्र्य जास्त. विरळ, चौकोनी हाउस ठेक्यावर तेच वादन चुकल्यासारखे ऐकू आले असते.

दुसरे कारण बेलींच्या पूर्वायुष्यात आहे. मुक्त वादनाकडे वळण्यापूर्वी ते व्यावसायिक गिटारवादक होते आणि त्यांनी कित्येक वर्षे नृत्यगृहांतील वाद्यवृंदांत पोटासाठी वाजवले होते. नाचणाऱ्यांना ठेका कसा लागतो हे त्यांना पुरेपूर ठाऊक होते, म्हणूनच तो ठेका राखण्याचे काम दुसऱ्यावर सोपवून ते निर्धास्तपणे त्याच्याशी फटकून वागू शकले.

तरीही या अल्बमची मर्यादा सांगायलाच हवी. बेली ठेका ऐकतात, ठेका बेलींना ऐकत नाही. हे संभाषण एकतर्फी आहे, आणि ते इतके जिवंत वाटते याचे सगळे श्रेय एकाच बाजूला जाते.

यंत्र हातात घेणे

उलट दिशेने आलेली वादक म्हणजे इकुए मोरी. टोकियोहून १९७७ साली न्यूयॉर्कला आलेल्या मोरी यांनी 'डीएनए' या गटात ड्रमवादनाला सुरुवात केली, आणि १९८०च्या दशकाच्या मध्यावर ड्रम बाजूला ठेवून ड्रम मशीन घेऊन त्या मुक्त वादकांबरोबर बसू लागल्या. त्यांनी यंत्राला ठेका धरायला लावलेच नाही. अनेक यंत्रे समोर ठेवून, त्यांचे आवाज मूळ रूप ओळखू येणार नाही इतके बदलून, त्यांनी ती हाताने वाजवायच्या वाद्यासारखी वापरली. घड्याळासारखे चालणे हा ड्रम मशीनचा स्वभाव नसून ती केवळ एक सवय आहे, हे त्यांनी दाखवून दिले. अर्थात त्यावर कोणी नाचत नाही. तो त्यांचा हेतूही नव्हता.

ठेका न सोडता यंत्र हाताने वाजवणारा कलाकार म्हणजे डेट्रॉइटचे जेफ मिल्स. टीआर-९०९ चालू असतानाच तिची बटणे दाबून एखाद्या घरातला ठोका काढणे, दुसऱ्या घरात नवा घालणे, आवाजाची लांबी आणि उंची फिरवणे, हे ते तबल्यावर बोल फिरवावेत इतक्या सहजतेने करतात. २०१८ साली त्यांनी टोनी ॲलन यांच्याबरोबर 'ब्लू नोट' या लेबलसाठी एक लहान अल्बम केला. ॲलन हे लागोसचे ड्रमवादक. नायजेरियाचे गायक-संगीतकार फेला कुटी यांच्याबरोबर त्यांनी ॲफ्रोबीट या संगीतप्रकाराचा ठेका घडवला होता आणि चारही हातापायांनी चार वेगवेगळ्या गोष्टी सांगण्यासाठी ते प्रसिद्ध होते. या वादनात मिल्स यंत्राचा ठोका सतत चालवत ठेवत नाहीत. ॲलन यांनी जागा घेतली की ते यंत्रावरचे ठोके कमी करतात, ॲलन थांबले की भरतात. घड्याळ तेच राहते, पण घड्याळाच्या मागे बसलेला माणूस ऐकत असतो, आणि म्हणून यंत्रही ऐकल्यासारखे वागते. २०२० साली ॲलन यांचे निधन झाल्यावर मिल्स यांनी हाच प्रकल्प कीबोर्डवादक जाँ-फी दारी आणि तबलावादक प्रभू एदुआर यांना घेऊन पुढे चालवला. त्यात तबला शोभेसाठी घेतलेला नाही. टीआर-९०९ आणि तबला या दोघांनाही सोळा घरांचे गणित तोंडपाठ असल्यामुळे त्यांची देवाणघेवाण फार नेमकी होते.

येथे मुंबईच्या चरणजीत सिंग यांचे नाव घेणे आवश्यक आहे, आणि ते काळजीपूर्वक घ्यायला हवे. हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत वर्षानुवर्षे वाजवलेल्या सिंग यांनी १९८२ साली टीआर-८०८, टीबी-३०३ आणि ज्युपिटर-८ हा सिंथेसायझर (विजेवर सूर निर्माण करणारे वाद्य) ही तीन यंत्रे एकमेकांना जोडून दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर ध्वनिमुद्रित केले. तेव्हा ते फारसे कोणी विकत घेतले नाही. २०१० साली नेदरलँड्समधील एका संग्राहकाने ते पुन्हा प्रकाशित केल्यावर शिकागोत १९८७ साली गाजलेल्या 'ॲसिड हाउस'शी त्याचे साम्य ऐकून युरोपातील श्रोते चकित झाले, आणि सिंग यांनीच हे संगीत शोधले अशी वाक्ये छापून आली. हा निष्कर्ष घाईचा आहे. शिकागोच्या मंडळींनी मुंबईची ती तबकडी ऐकली होती असे मानायला आधार नाही. दोन्हीकडे यंत्र एकच होते. टीबी-३०३ एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाते, आणि रागाची ओळख असलेल्या माणसाला त्या घसरण्यात मींड ऐकू आली यात नवल नाही. सिंग यांचे काम मुक्त वादनात मोडत नाही, कारण राग पाळलेला आहे. माझ्या दृष्टीने त्याचे मोल वेगळे आहे: न थांबणाऱ्या यंत्रावर आलापीचा श्वास कसा घ्यायचा हा प्रश्न त्यांनी फार आधी अंगावर घेतला आणि द्रुत गत वाजवावी तसा तो सोडवला.

दोन कडेलोट

काही प्रयत्नांत एक बाजू पूर्णपणे सुटून गेली, आणि त्यातूनही शिकण्यासारखे आहे. लंडनचे जॉन कॉक्सन आणि ॲशली वेल्स हे दोघे 'स्प्रिंग हील जॅक' या नावाने नव्वदच्या दशकात 'ड्रम अँड बेस' हे जंगलमधूनच निघालेले नृत्यसंगीत करत असत. २००१पासून त्यांनी इव्हान पार्कर, मॅथ्यू शिप, विल्यम पार्कर अशा मुक्त वादनातल्या मोठ्या वादकांना बोलावून आपल्या ध्वनिपटांवर वाजवायला सांगितले. संगीत विलक्षण झाले, पण त्यातून ठेका जवळजवळ नाहीसा झाला आणि नाच दाराबाहेरच राहिला. याच्या बरोबर उलट वाट 'डॉन ऑफ मिडी' या त्रिकुटाची. आकाश इसरानी, अमिनो बेल्यामानी आणि कासिम नक्वी हे तिघे डबल बेस, पियानो आणि ड्रम वाजवतात. त्यांचा २०१०चा पहिला अल्बम पूर्णपणे उत्स्फूर्त वादनाचा होता. २०१३चा दुसरा अल्बम ऐकताना मिनिमल टेक्नो, म्हणजे मोजक्याच आवाजांचे टेक्नो, चालू आहे असे वाटते, आणि त्यातला प्रत्येक ठोका आधी रचून पाठ केलेला आहे. यंत्रासारखे चालण्यासाठी तिघांना उत्स्फूर्तता सोडावी लागली. ते संगीत मला अतिशय आवडते, पण दोन्हींचा मेळ म्हणून त्याचे उदाहरण देता येणार नाही.

यंत्राला कान देणे

घड्याळालाच ऐकायला शिकवावे, हा विचार इंग्लंडच्या जेम्स होल्डन यांनी गांभीर्याने केला. नृत्यसंगीताचे निर्माते म्हणून नाव झाल्यावर त्यांना आपल्या संगणकाची निर्जीव अचूकता खटकू लागली. हेनिग यांच्या संशोधनाच्या आधारे त्यांनी एक लहानसे सॉफ्टवेअर तयार केले, जे संगणकावरच्या वेगवेगळ्या ठेक्यांना माणसांच्या गटासारखे एकमेकांच्या तुलनेत पुढे-मागे होऊ देते आणि जिवंत वादकाच्या ठोक्यांनाही प्रतिसाद देऊ शकते. यादृच्छिक चुका घालण्यापेक्षा हे अगदी वेगळे आहे. बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये 'मानवी स्पर्श' म्हणून जे बटण असते ते प्रत्येक ठोका स्वतंत्रपणे थोडासा हलवते, आणि कानाला ते ढिले वाटते. येथे मात्र एका ठोक्याच्या उशिराची आठवण पुढच्या ठोक्यांना राहते. २०१७चा आपला अल्बम होल्डन यांनी ड्रम, सॅक्सोफोन आणि इतर वादकांना एका खोलीत बसवून, नंतर काहीही न जोडता ध्वनिमुद्रित केला. त्यात सिंथेसायझर ठेका पुढे नेत असतो आणि तरी बाकीच्यांबरोबर श्वास घेत असतो.

संगणकाच्या मार्गाने गेलेली आणखी एक शाखा आहे आणि तिचा धागा आपल्याकडे येतो. 'अल्गोरेव्ह' या नावाने २०१२पासून होणाऱ्या नृत्यमैफलींत कलाकार सगळ्यांसमोर संगणकाचा प्रोग्राम लिहितो. लिहिलेली प्रत्येक ओळ मागच्या पडद्यावर दिसते आणि ओळ बदलली की चालू असलेला ठेका बदलतो. काही कलाकार कोऱ्या पडद्यापासून सुरुवात करतात, म्हणजे मुक्त वादकासारखेच हात रिकामे ठेवून. या मैफलींत सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या भाषांपैकी 'टायडलसायकल्स' ही ॲलेक्स मॅक्लीन यांनी केली, आणि ठेका लिहिण्याच्या तिच्या पद्धतीवर 'बोल प्रोसेसर' या जुन्या प्रोग्रामची छाप आहे. हा बोल प्रोसेसर बर्नार बेल यांनी १९८०च्या दशकात जेम्स किप्पन यांच्याबरोबर तबल्यासाठी बनवला होता. लखनौ घराण्याचे उस्ताद आफाक हुसेन खाँ यांच्या कायद्यांचे नियम संगणकाला देऊन त्यातून नवे पलटे, म्हणजे त्या कायद्याचे नवे विस्तार, काढायचे आणि ते बरोबर आहेत की नाहीत हे उस्तादांनीच ठरवायचे, अशी ती पद्धत होती. (हेच बर्नार बेल पुढे पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी जमवलेल्या जात्यावरच्या ओव्यांच्या ध्वनिमुद्रणात आणि सूचीत सामील झाले.) कायदा ही मुळातच नियमांत बांधलेल्या उपजेची रीत असल्यामुळे, यंत्राला उपज शिकवू पाहणाऱ्या माणसाने तबलजीकडे यावे हे मला अगदी स्वाभाविक वाटते.

ठोका काढून घेतल्यावर

एक शक्यता मात्र अजून पुरेशी वापरली गेलेली नाही, असे माझे मत आहे. जवळजवळ प्रत्येक नृत्यरचनेत मोठ्या ड्रमचा ठोका आठ, सोळा किंवा बत्तीस आवर्तने काढून घेतला जातो आणि मग तो परत येतो. या जागेला 'ब्रेकडाउन' म्हणतात. या काळात ठेका यंत्र वाजवत नसले तरी बंद पडत नाही, कारण नाचणारे तो अंगात धरून असतात. मिनिटाला १२५ मात्रांच्या गतीला बत्तीस आवर्तने म्हणजे एक मिनिटाहून थोडा जास्त वेळ, आणि तेवढा वेळ शंभर माणसे मनातल्या मनात एकच लय चालवत असतात. मुक्त वादकासाठी यापेक्षा चांगली जागा नाही. समोर घड्याळ नसते, पण लय असते, आणि ती लय माणसांची असल्यामुळे ती त्याला ऐकू शकते. तो घुटमळला तर तेही घुटमळतात, त्याने ताण वाढवला तर तेही ताणले जातात. ठोका ठरलेल्या आवर्तनावर परत आणायचा की वादकाचे म्हणणे पुरे होईपर्यंत थांबायचे, हा निर्णय मग डीजेने त्या वादकाकडे आणि गर्दीकडे पाहून घ्यायचा. त्यासाठी लागणारी यंत्रणा साधी आहे. प्रोग्राममध्ये ब्रेकडाउनची लांबी पक्की न करता तो भाग फिरता ठेवायचा आणि पुढे जाण्यासाठी एक पॅडल किंवा बटण हाताशी ठेवायचे, एवढे पुरते. अवघड आहे ते दोघांनी अनेक रात्री एकत्र वाजवून एकमेकांच्या थांबण्याची ओळख करून घेणे.

ज्यांना हे ऐकून पाहायचे आहे त्यांनी बेलींपासून सुरुवात करू नये असे मी सुचवेन, कारण त्यांचा आवाज पहिल्या भेटीत अंगावर येतो. आधी मिल्स आणि ॲलन यांचे एकत्र वादन पाहावे, तेही चित्रफितीत, म्हणजे मिल्स यांची बोटे बटणांवर केव्हा पडतात आणि त्याआधी ॲलन यांनी काय वाजवले होते हे डोळ्यांनाही दिसेल. त्यानंतर चरणजीत सिंग यांचा एखादा राग लावावा आणि लक्ष सुरांकडे न देता, ठेका एकदाही त्यांच्यासाठी थांबत नाही याकडे द्यावे. मग होल्डन ऐकावेत. बेलींचा अल्बम शेवटी, चांगल्या हेडफोनवर, सलग न ऐकता दहा-दहा मिनिटांच्या तुकड्यांत ऐकावा. पहिल्या वेळी फक्त ड्रमकडे आणि दुसऱ्या वेळी फक्त गिटारकडे कान ठेवला, तर तिसऱ्या वेळी दोन्ही एकत्र ऐकू येऊ लागतात.